माणूस आत आहे

डब्याच्या तळाचा कागद उचलला तेव्हा मिस्त्रीला वाटलं, खाली डब्याचाच पत्रा दिसतोय. बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, त्यात लिफ्टच्या दारांतले वीज जोडणारे, काळे पडलेले कॉन्टॅक्ट, आणि ते घासून चकचकीत करायचं हे त्याचं घरबसल्याचं काम. कामावरचा जुना जोडीदार दर रविवारी एक डबा आणून द्यायचा आणि आधीचा घेऊन जायचा. आज शनिवार, कॉन्टॅक्ट संपले होते, डबा पुसून ठेवावा म्हणून कागद काढला, एवढंच. पण डब्याचा तळ लाल कशाला असेल? त्यानं नख घातलं आणि हातात आली ती पाटी. पंजाएवढी, कडा घासून गोल केलेली, लाल रंगावर पांढरी अक्षरं: माणूस आत आहे. खाली कोपऱ्यात चहाची किटली, किटलीच्या तोटीतून तीन वाफा. ही पाटी हरवली होती. दोन वर्षं आणि चार महिन्यांपूर्वी हरवली होती, आणि तिच्याबरोबर मिस्त्रीचा डावा गुडघा गेला होता, नोकरी गेली होती आणि स्वतःवरचा भरवसा गेला होता. पाटीच्या दोन भोकांत तांब्याची तार अजून होती. पुढे तीन पीळ, उलट्या हाताचे, शाबूत. आणि मागच्या बाजूनं तार पकडीनं तोडलेली. खालच्या मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं. फटके थांबले तरी मिस्त्री ती तार बघत बसला होता.

लिफ्टच्या कामात एक नियम असतो, आणि तो माणसांच्या रक्तानं लिहिलेला असतो असं त्याचे उस्ताद म्हणायचे. कामाला उतरण्याआधी वर मशीनखोलीत जायचं, मेन स्विच बंद करायचा आणि त्याच्या दांड्याला आपली पाटी बांधायची. दोघं असले तर दोन पाट्या. ज्याची पाटी, त्यानंच काढायची, मग देव आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. पाटी एकतर दांड्याला, नाहीतर आपल्या मागच्या खिशात, तिसरी जागा तिला नाही. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाची खूण. जोडीदाराच्या पाटीवर मिशी, कारण मिशीशिवाय त्याच्या तोंडावर बघण्यासारखं काही नव्हतं. मिस्त्रीच्या पाटीवर किटली, कारण अकराच्या ठोक्याला त्याला चहा लागायचा; जग बुडालं तरी अकरा म्हणजे अकरा. किटली जोडीदारानंच रंगवली होती, जीभ बाहेर काढून, वाफा काढताना श्वास रोखून. आणि तार मिस्त्री रोज सकाळी नवी घ्यायचा, डावखुरा असल्यामुळे तिला उलटा पीळ द्यायचा. जोडीदार चिडवायचा, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर पीळच उलटा. सोडवता सोडवता माणूस म्हातारा होईल." म्हणजे सोडवायची वेळ त्याच्यावर यायचीच. कारण नियम नियमाच्या जागी आणि गुडघे गुडघ्यांच्या जागी. बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांचे जिने वाचवले होते. जो वर असेल त्यानं दोन्ही पाट्या काढून आणायच्या, खालच्याला पुन्हा सात मजले चढायला लावायचं नाही. मिस्त्रीनं मिशीची पाटी हजारदा काढली असेल. त्याला कधी पाप वाटलं नाही. उलट खाली आल्यावर पाटी हातात देताना बरंच वाटायचं.

त्या दिवसाचं मात्र त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. सकाळी मोज्याला भोक होतं म्हणून बायकोशी झालेली कुरबुर आठवत होती, आणि त्यानंतर एकदम इस्पितळाचं पांढरं छत. मधला तुकडा कुणी कात्रीनं काढून घेतला होता. तो तुकडा त्याला जोडीदारानं भरून दिला. खाटेशेजारी स्टुलावर बसून, हात हातात घेऊन. "तू लिफ्टखालच्या खड्ड्यात होतास. तळातला स्विच बदलत होतास. मी वर ब्रेक साफ करत होतो. तुझी पाटी मेनवर नव्हती रे. मला वाटलं, तू अजून उतरला नाहीस. मी मेन चालू केला." आणि मग थांबून, "विसरलास तू. माणूस आहे, विसरतो." लिफ्ट खाली आली, मिस्त्री कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला म्हणून जगला, पाय तेवढा मागे राहिला. भेटायला येणारे सगळे म्हणाले, वेळ आली होती पण काळ आला नव्हता. चौकशीवाल्यांनी लिहिलं, कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. मिस्त्रीनं कागदावर सही केली. पाटी खिशात सापडली नाही, खड्ड्यात सापडली नाही, पण तेव्हा पाटीचा विचार कोण करतो! बावीस वर्षं जो माणूस पाटी लावल्याशिवाय चप्पलसुद्धा काढत नव्हता, तो एका सकाळी विसरला. म्हणजे आपल्यात कुठेतरी असं एक भोक आहे, ज्यातून काहीही गळून जाऊ शकतं, हे त्यानं मान्य करून टाकलं.

त्या भोकाची भीती गुडघ्यापेक्षा वाईट निघाली. घरी आल्यावर तो गॅसचं बटण तीन वेळा बघायला लागला. दाराची कडी, नळ, इस्त्रीचा प्लग. बायको आधी हसली, मग चिडली, मग तिनं बोलणंच सोडलं. घर चौथ्या मजल्यावर, इमारतीला जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट, तिचा दोर चढताना-उतरताना घरात ऐकू यायचा आणि तो आवाज आला की मिस्त्री हातातलं काम थांबवायचा. त्या पेटीत पाय ठेवणं शक्यच नव्हतं. राहिला जिना. बहात्तर पायऱ्या. गेल्या वर्षभरात दर रविवारी जोडीदार त्याला उतरवत होता. आधी चार पायऱ्या, मग दहा, मग एक मजला. पद्धत त्याची त्यानंच काढली होती. तो पुढे व्हायचा, मिस्त्रीकडे तोंड करून, आणि उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरायचा, उजवा पंजा पसरून पुढे धरलेला. "माझ्या हाताकडे बघ. पायरीकडे बघू नकोस. मी आहे ना पुढे." साठीला टेकलेला माणूस, स्वतः कधी पडेल त्याचा नेम नाही, पण उलटा उतरायचा. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचले होते. त्याच्या खाली मिस्त्रीचं घोडं पेंड खायचं. तो कठडा सोडायचा नाही, आणि जोडीदार म्हणायचा, "पुढच्या रविवारी." त्या पंजावरची प्रत्येक रेघ मिस्त्रीला पाठ झाली होती.

आणि आता टेबलावर त्याच्या जुन्या कारखान्याचं पत्र पडलं होतं. कारखान्यात तपासनीस हवा होता. जागोजागी जाऊन बघायचं, लोक नियम पाळतात की नाही, पाट्या लावतात की नाही. साहेबांनी आपणहून नाव सुचवलं होतं, सोमवारी सकाळी समक्ष हजर व्हा. मिस्त्रीनं नकाराची चिठ्ठी लिहून ठेवली होती. त्यात गुडघ्याचं कारण होतं, पण खरं कारण गुडघा नव्हता. ज्याला स्वतःची पाटी लावायचं भान राहिलं नाही, त्यानं दुसऱ्यांच्या पाट्या मोजायच्या? लोक तोंडावर हसले नसते, पण तो स्वतःच हसला असता. उद्या जोडीदार आला की चिठ्ठी त्याच्याच हाती द्यायची असं ठरलं होतं. आता त्या चिठ्ठीवर पाटी होती. लावली होती. तीन पीळ देऊन, त्या दिवशीच्या ताज्या तारेनं, रोजच्यासारखी. मी विसरलो नव्हतो, मिस्त्री मोठ्यानं म्हणाला. रिकाम्या खोलीत ते वाक्य चमत्कारिक वाटलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण तो कुठेतरी खाली राहिला आणि वर आलं ते दुसरंच. स्टुलावर बसलेला तो माणूस. हात हातात घेतलेला. "माणूस आहे, विसरतो."

बायको चहा घेऊन आली. टेबलावर जागा नव्हती. तिनं कोपरानं पॉलिश पेपर सरकवला, दोन बोटांनी पाटी उचलून बाजूला ठेवली आणि तिथे कप ठेवला. आणि वळली. तेवढ्यात मिस्त्रीनं मान वर केली. कारण ही बाई टेबलावर नवा स्क्रू दिसला तरी विचारायची, हे काय, टाकू का? आज हातात लालभडक पाटी घेतली आणि विचारलं नाही.

"तुला कधीपासून माहितीये?"

"काय?"

"काय ते तुला माहितीये."

ती परत फिरली, खुर्ची ओढून बसली आणि पदरानं टेबलाची कड पुसत राहिली. कड स्वच्छच होती. "मागच्या उन्हाळ्यात सांगितलं त्यांनी. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या. तुम्ही झोपला होतात. पाटी काढली म्हणाले. अकरा वाजले होते, म्हणजे तुम्ही चहाला बाहेर आला असणार असं धरून चालले. तुम्हाला सांगायचंय म्हणत होते. खूप रडले."

"मग?"

"मी म्हटलं, सांगू नका."

तिनंच आवाज चढवला, जणू तो ओरडला होता. "तर काय करू? कळलं असतं तर तुम्ही त्यांना दारात उभं केलं असतंत? आणि मग तुम्हाला पलंगावरून कोण उठवणार होतं, मी? या कंबरेनं? सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडला होतात तुम्ही. ते आले की तेवढे उठायचात."

"आणि तीन-तीनदा गॅस बघणारा नवरा चालला तुला?"

"नाही चालला," ती म्हणाली. "पण भिंतीकडे बघणारा त्याहून चालला नसता." मग तिचा आवाज फुटला. "मला वाटायचं, एकदा का तुम्ही रस्त्यावर उतरलात की सांगेन. शपथ. रस्त्यावर उतरलात की त्याच दिवशी."

तिचं खोटं नव्हतं, आणि तेच सहन होत नव्हतं. कुणी वैरी असता तर शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. या दोघांनी त्याच्या तोंडात घास घातले होते, पाठ पुसली होती, आणि केसानं गळा कापला होता. तो आठवत गेला. मागच्या उन्हाळ्यानंतरचे सगळे रविवार. जोडीदार दारात, बायको दारात, दोघांची नजरानजर, आणि त्याला वाटायचं, ही दोघं माझी काळजी करतायत. करतही होती म्हणा. पण एकदा, पहिला मजला उतरून परत चढल्यावर, तो जोडीदाराच्या गळ्यात पडून म्हणाला होता, "माझ्या चुकीपायी तुझे रविवार जातायत रे." आणि जोडीदारानं त्याच्या पाठीवर थोपटलं होतं. ते थोपटणं आता पाठीवर जागच्या जागी जाणवलं, खाजरं, ओलं. माणूस कसं थोपटू शकतो? हात थांबला कसा नाही? की थांबला होता, आणि आपल्याला कळलं नाही? चहा गार झाला. दोर वाजला, लिफ्ट कुणाला तरी घेऊन वर गेली. मिस्त्री हातातलं काम थांबवायला गेला तेव्हा लक्षात आलं, हातात कामच नव्हतं.

रविवारी सकाळी त्यानं दाढी केली. गॅसचं बटण एकदाच बघितलं. पुन्हा बघायला पाय वळला होता, पण तो वळवून घेतला. मग हत्यारांच्या डब्यातली तार घेतली, नवा तुकडा तोडला, घराचं दार उघडलं आणि बाहेरच्या कडीला पाटी बांधली. एक पीळ, दोन पीळ, तीन. दार लावून आत खुर्ची घेऊन बसला. बायको स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी राहिली, पण मध्ये पडली नाही. जोडीदार नेहमी जिन्यानंच यायचा. तू लिफ्टमध्ये बसत नाहीस तर मी कशाला, म्हणायचा. त्याच्या पावलांचा आवाज आला. तिसरा मजला, वळण, चौथा. दारापाशी थांबला. बेल वाजली नाही. घड्याळाचा काटा चालत राहिला, बाहेर एक माणूस उभा होता आणि आत एक माणूस बसला होता, मध्ये इंचभर लाकूड. कडी किंचित हलल्याचा आवाज आला.

"हात लावू नकोस," मिस्त्री आतून म्हणाला. "ज्याची पाटी, तोच काढेल."

तो उठला, काठी घेतली, दार उघडलं. जोडीदाराच्या हातात नवा डबा होता. मिशी नेहमीसारखी विंचरलेली, आणि तिच्या वरचा चेहरा एका क्षणात कुणी धुऊन वाळत घातल्यासारखा. मिस्त्रीनं त्याच्यासमोर उलटे पीळ एकेक करून सोडवले. वेळ लागला. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही.

"मुद्दाम ठेवली होतीस डब्यात?"

जोडीदारानं मान हलवली. "हो म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण नाही. त्याच दिवशी कागदाखाली लपवली होती. फेकायला हात झाला नाही. सगळे डबे सारखे रे. डबा चुकला." म्हणजे त्यानं आपणहून सांगितलं असतं, ही शेवटची आशाही गेली. मिस्त्रीला वाटलं होतं, निदान तेवढं तरी असेल.

"का रे?"

"पहिल्या दिवशी घाबरलो. तू वाचतोस की नाही तेच कळत नव्हतं. मग तू शुद्धीवर आलास आणि तुला काही आठवत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग रोज कालच्यापेक्षा अवघड होत गेलं." तो भिंतीला टेकला. "पाटी काढली त्याचं मी सांगू शकलो असतो. तूही काढायचास. ते आपल्या दोघांचं होतं. पण गप्प बसलो, ते माझं एकट्याचं."

मिस्त्रीनं पाटी मागच्या खिशात घातली. बावीस वर्षांच्या सवयीनं ती बरोबर जागेवर बसली. मग तो जिन्याकडे न वळता लिफ्टकडे गेला आणि बटण दाबलं. दोर वाजला. पेटी वर आली, थांबली. मिस्त्रीनं जाळीचं दार सरकवलं आणि आधी काठी आत ठेवली, मग उजवा पाय, मग तो लोढणा झालेला डावा.

"अरे, थांब, एकटा नको," जोडीदार डबा खाली ठेवून पुढे आला. "मी येतो बरोबर."

"नको. त्या दिवशीही मी एकटाच होतो."

जाळी त्यानं आतून ओढली. बटण दाबलं. जोडीदाराचे गुडघे वर गेले, मग बूट, मग भिंत. डोळे मिटले तर काळोखात ती लिफ्ट खाली येताना दिसेल म्हणून त्यानं डोळे सताड उघडे ठेवले. काठी पेटीच्या फळीवर टकटक वाजायला लागली. पण कान, त्याला न विचारता, आपलं काम करू लागले. तिसरा मजला, मशीन ठीक. ब्रेक ठीक. दुसऱ्याच्या आसपास डाव्या रुळावर घासल्याचा आवाज, कोरडा, दोन फूटभर. इथे तेल लागणार. पहिला मजला. आपण विसरणारे नव्हतो, त्यानं स्वतःला सांगितलं. आपण विसरणारे कधीच नव्हतो. आणि त्याला हुंदका आला, दोन वर्षांचा, लहान मुलासारखा, आणि पेटी हलकेच बसली, तळमजला.

जोडीदार बहात्तर पायऱ्या धावत उतरला होता. धापा टाकत जाळीसमोर उभा होता, आणि हात सवयीनं पुढे आलेला होता. उजवा पंजा, पसरलेला. मिस्त्रीनं त्या हाताकडे बघितलं. रेघा तशाच होत्या. त्यानं जाळी सरकवली आणि बाजूची भिंत धरून बाहेर आला.

"दुसऱ्या मजल्यावर डावा रूळ घासतोय. तेल घालून घे," तो म्हणाला. "मी उद्या हजर होणार आहे. साहेबांना मी काही सांगणार नाही. पाटी तू काढलीस, तूच सांगायचंस. एक नियम आपण मोडला, हा नको मोडूस."

"सांगतो," जोडीदार म्हणाला. मग फार हळू, "रविवारी येऊ?"

मिस्त्री दाराकडे वळला. दारापासून रस्त्यापर्यंत तीन पायऱ्या होत्या, त्या तो पायरीकडे बघत उतरला. ऊन डोळ्यांत गेलं. एक सायकलवाला घंटी वाजवत जवळून गेला, समोर कुणीतरी बादलीनं दुकानापुढची फरशी धूत होतं, चौथ्या मजल्याच्या खिडकीत बायको तोंडावर पदर धरून उभी होती. खिशातली पाटी प्रत्येक पावलाला हाडाला लागत होती. लागू दे. तो खाली उतरला होता, रस्त्यावर उभा होता, आणि ही गोष्ट धावत जाऊन ज्याला सांगावी असा त्याला जगात एकच माणूस होता, आणि तो मागे जाळीपाशी उभा होता. मिस्त्री मागे न बघता चालू लागला.